लवकर आलेलं उत्तर

मिरजेच्या वाणीकोश संस्थेतल्या तळमजल्यावरच्या यंत्रदालनात, जानेवारीतल्या एका बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता, राखणभिंतीने शिलाँगला तिसऱ्यांदा नकार दिला. राखणभिंत म्हणजे संस्थेचे संगणक आणि बाहेरचं जग यांच्यामधली तपासणी चौकी. कागदोपत्री तिचं नाव राखणभिंत होतं, बोलताना सगळे फायरवॉलच म्हणत. शिलाँगला संस्थेची एक दूरप्रत होती, म्हणजे कोशातल्या सगळ्या मजकुराची तिथल्या सर्व्हरवर ठेवलेली नक्कल. रोज सकाळी भिंत दार उघडी आणि आदल्या दिवशीची भर तिकडे रवाना होई. सोमवारपासून दार उघडलं नव्हतं.

त्रिशला मगदूम गेली एकोणीस वर्षं या भिंतीची राखणदार होती. संशय हा तिचा धंदाही होता आणि स्वभावही. भाजीवाल्याने मापावर चार शेंगा जास्त टाकल्या तर आतल्या शेंगा किडक्या असणार असं ती गृहीत धरी, आणि खेदाची गोष्ट अशी की बऱ्याचदा तसंच निघे. भिंतीने नकार दिला की तिला बरंच वाटायचं, कारण नकार म्हणजे कुठेतरी काहीतरी सापडलं. या वेळी मात्र तिला बरं वाटेना.

ज्यांची वाचा गेली आहे अशा अकराशे सत्तर माणसांचा आवाज या कोशात होता. कुणाला अर्धांगाचा झटका आलेला, कुणाचं स्वरयंत्र कर्करोगात काढलेलं. अशा माणसाच्या मानेवर एक पातळ वाणीपट्टी बसवत. बोलायचं मनात आलं की मेंदूकडून घशाकडे निघालेले इशारे ही पट्टी टिपे. पण हे इशारे प्रत्येकाचे निराळे. त्यांचा अर्थ लावायला त्या माणसाचा उच्चारनकाशा लागे, आणि तो इतका अवाढव्य असे की मानेवरच्या पट्टीत मावणं शक्यच नव्हतं. म्हणून पट्टी प्रत्येक वाक्यासाठी कोशाला विचारी, कोश नकाशात बघून शब्द परत पाठवी आणि गळ्यातल्या छोट्या ध्वनिक्षेपकातून ते त्या माणसाच्याच आवाजात उमटत. समोरच्याला अडखळही जाणवत नसे.

हा नकाशा एकदाच बनतो. वाचा जात असताना, घशात थोडी कुजबुज शिल्लक असते तोवर माणूस दीड-दोन वर्षं बोलत राहतो आणि यंत्र शिकत राहतं. कुजबुज संपली की शिकवणाराच संपला. त्यानंतर नकाशा हरवला तर तो माणूस कायमचा मुका.

त्या अकराशे सत्तरांत त्रिशलाचे वडील होते. आप्पा मगदुमांनी चाळीस वर्षं कुस्तीच्या मैदानांत निवेदन केलं होतं. नऊ वर्षांपूर्वी झटका आला, दोन वर्षं त्यांनी कुजबुजत कोशाला आपला आवाज शिकवला, आणि आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ते जत्रेच्या मैदानात माईकपुढे उभे राहत. घरी आल्यावर आमटीत मीठ कमी आहे हेही त्याच आवाजात सांगत, ते गल्लीच्या टोकापर्यंत कळे. त्रिशला वैतागायची. पण वैतागायला वडिलांचा आवाज शिल्लक आहे याची जाणीव तिला रोज असे.

आणि येत्या शनिवारी कोशाच्या तबकड्या बदलायच्या होत्या. सगळे नकाशे स्फटिकाच्या तबकड्यांवर कोरलेले होते आणि तबकड्यांचं आयुष्य दहा वर्षांचं. तसं एखादं पान झिजून वाचता येईनासं झालं की कोश ते दूरप्रतीकडून मागवून घेई आणि काम पुढे चालवी. पण दहा वर्षं झाली की जुन्या तबकड्या भट्टीत वितळवायच्या आणि नव्यांवर दूरप्रतींमधून सगळं पुन्हा उतरवायचं, असा नियम होता. नव्या तबकड्या शेजारच्या कपाटात येऊन पडल्या होत्या. शनिवारी चार वाजता भट्टी पेटणार होती, पाहुणे येणार होते, संचालक रणधीर घोरपडे यांनी फेट्यांची ऑर्डरसुद्धा दिली होती.

त्रिशलाने नेहमीच्या क्रमाने तपास केला. तार ठीक होती. दाराचा क्रमांक बरोबर होता. शिलाँगचं ओळखपत्र मार्चपर्यंत वैध होतं. भिंतीचं घड्याळ तिने दोनदा पडताळलं. मग नोंदवही उघडली. या नोंदवहीत फक्त नकार लिहिले जात. ज्याला प्रवेश मिळाला त्याची नोंद ठेवायची नाही, नाहीतर वही दिवसाला भरेल, अशी पद्धत सुरुवातीपासून होती. शिवाय या खात्यातल्या लोकांचा एक अलिखित नियम असतो, चालतंय त्याला हात लावायचा नाही. नोंदवहीत शिलाँगपुढे नकाराचं कारण लिहिलं होतं, ‘उत्तर लवकर आलं.’

उत्तर उशिरा आल्याचे नकार तिने हजारोंनी पाहिले होते. लवकर आल्याचा हा पहिलाच. तिने डॉ. शमीम मुजावर यांना फोन लावला.

डॉ. मुजावर कालमापनाच्या शास्त्रज्ञ. या भिंतीतली अंतरपरीक्षा त्यांनीच रचली होती, आणि निवृत्तीनंतर त्या मिरजेतच, सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत राहत होत्या. तासाभरात त्या येऊन बसल्या, चष्मा पुसला आणि आकडा बघितला.

“शून्य पूर्णांक बेचाळीस सहस्रांश,” त्या म्हणाल्या. “म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहूनही कमी. हे शिलाँग नाही, त्रिशला.”

“घड्याळ बिघडलं असेल?”

“तू दोनदा बघितलंस ना? मग नाही. हे बघ, काचेच्या तारेतून प्रकाश एका सहस्रांशात दोनशे किलोमीटर जातो. जायचे शंभर आणि यायचे शंभर. म्हणजे एका सहस्रांशात उत्तर आलं, तर उत्तर देणारा जास्तीत जास्त शंभर किलोमीटरवर. शिलाँगची तार सत्तावीसशे किलोमीटर आहे, तिथून सत्तावीस सहस्रांशांच्या आत उत्तर येऊच शकत नाही. आणि हे आलंय बेचाळीस किलोमीटरच्या आतून.”

कृष्णेच्या पुराच्या धास्तीने नियम केला होता की हजार किलोमीटरच्या आत एकही दूरप्रत असता कामा नये. मिरज बुडालं तर प्रत तरी वाचावी. म्हणून तीन निरनिराळ्या कंपन्यांना तीन ठिकाणचं काम दिलेलं होतं, शिलाँग, जोधपूर आणि कटक. अंतर खरं आहे की नाही हे भिंत रोज तपासायची. अमुक नकाशाच्या अमुक पानावर काय आहे असे शंभरेक प्रश्न ती आयत्या वेळी काढी. ज्याच्याजवळ प्रत आहे त्यालाच उत्तर देता येई, आणि उत्तराला लागलेल्या वेळावरून अंतर कळे. जोधपूरला पंधरा सहस्रांश, कटकला सोळा, शिलाँगला सत्तावीस. सहा वर्षं तिघेही चोख उत्तरं देत आले होते.

त्रिशलाने विचारलं की मग ही सहा वर्षं सत्तावीस कसे भरत होते. डॉ. मुजावर जराशा हसल्या.

“उशीर कुणालाही करता येतो. उत्तर हातात धरून बसायचं आणि वेळ झाली की सोडायचं. लवकर येणं मात्र कुणालाच जमत नाही, प्रकाशाला घाई करता येत नाही. म्हणून लवकर आलेलं उत्तर खोटं असूच शकत नाही. उशिरा आलेलं खरंही असेल, खोटंही असेल.”

“म्हणजे तुमची परीक्षा कुणीही पास होतो.”

“मी तेव्हाच म्हटलं होतं त्यांना,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “पण मंडळाला परीक्षा हवी होती. ती कशाची, हे त्यांनी विचारलं नाही.”

भिंतीचा हा नियम मुंबईच्या नियंत्रण मंडळाने मोहोरबंद चकतीत घातला होता. त्रिशला प्रश्न विचारू शकत होती, वेळ मोजू शकत होती, दार बंद करू शकत होती. पण जवळच्याला दार उघडणं तिच्या हातात नव्हतं. त्यासाठी मंडळाकडे अर्ज, आणि मंडळाच्या अर्जाला सहा आठवडे.

ती घोरपडेसाहेबांकडे गेली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि लगेच सांगितलं की शिलाँगचं दार कायमचं बंद करून टाका, फसवणुकीचं पत्र मंडळाला सोमवारी पाठवू, दोन दूरप्रती धडधाकट आहेत, शनिवारचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल. त्रिशलाला हे ‘लगेच’ खटकलं. बेचाळीस किलोमीटरच्या आत कुणीतरी अकराशे सत्तर माणसांचे आवाज घेऊन बसलंय आणि साहेबांना विचारावंसंही वाटत नाही की कोण? आवाज चोरीला गेला की काय होतं हे सगळ्यांना माहीत होतं. आप्पांच्या आवाजात फोन करून कुणी तिलाच फसवू शकलं असतं. साहेबांच्या टेबलावर फेट्यांचे नमुने पडले होते. तिने गुलाबी फेट्याकडे सुद्धा संशयाने पाहिलं.

दार बंद करायचं ते करू, पण त्याआधी हा कोण ते बघू, असं तिने ठरवलं आणि साहेबांना सांगितलं नाही.

विट्याला आणि कवठेमहांकाळला संस्थेच्या दवाखान्याच्या खोल्या होत्या. गुरुवारी ती दोन्हीकडे जाऊन आली आणि तिथून तोच प्रश्न विचारून वेळ मोजला. मिरजेपासून तारेचं अंतर बेचाळीस, विट्यापासून अडतीस, कवठेमहांकाळपासून पस्तीस. तिन्ही अंतरं जुळतील असं एकच गाव नकाशावर निघालं, तासगाव.

तासगाव म्हणजे बेदाणा, आणि बेदाणा म्हणजे कोल्ड स्टोरेज. सर्व्हर लपवायला याहून बरी जागा कुठली? थंडावा तयार, वीज तयार, आणि बंद दाराआड काय आहे हे कुणी विचारत नाही. पण स्टोरेज किती तरी. शुक्रवारी दुपारी तासगावात उतरल्यावर त्रिशला थेट वीज कंपनीच्या वायरमनला भेटली. जानेवारीत जुना बेदाणा संपत आलेला असतो आणि नवा अजून वेलीवर असतो, तेव्हा निम्म्या खोल्या बंद ठेवून मालक वीज वाचवतात. रिकामी असून अशी कुठली खोली चालू आहे का, असं तिने विचारलं. वायरमनला विचार करावा लागला नाही. गावाबाहेर एका स्टोरेजची सात नंबरची खोली सहा वर्षं बंदच झालेली नाही, आणि तिच्यात बेदाणा आत जाताना कुणी पाहिलेला नाही, असं त्याने सांगितलं.

सात नंबरच्या खोलीत भिंतीला लागून बेदाण्याचे रिकामे क्रेट रचलेले होते आणि मधोमध एक काळं कपाट घुमत होतं. कपाटातून निघालेली एकच तार जमिनीवरून जाऊन भिंतीतल्या भोकात शिरत होती. शेजारी खुर्चीवर स्वेटर, मफलर आणि वर कानटोपी घातलेला साठीचा माणूस बसला होता. त्याचं नाव बाबुराव खराडे. तो पळाला नाही, दचकलाही नाही. बसा म्हणाला, आणि स्वतःची खुर्ची दिली.

त्रिशला बसली नाही. उभ्यानेच तिने विचारायला सुरुवात केली आणि खराडे सांगत गेले. सहा वर्षांपूर्वी शिलाँगच्या कंपनीची माणसं आली, कपाट बसवलं, खराड्यांना महिन्याच्या पगारावर राखणीला ठेवलं. शिलाँगला फक्त पाटी होती. कपाटाला एक छोटी विलंबपेटी जोडलेली होती, तिच्यातून उत्तर सत्तावीस सहस्रांश थांबून बाहेर पडे. खराडे आयटीआय झालेले, रेडिओ दुरुस्तीत आयुष्य गेलेलं. पेटीचं काम त्यांना पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

“सोमवारी मी पेटी काढली,” खराडे म्हणाले.

“का?”

“पेपरात आलं नव्हं का, शनिवारी जुन्या तबकड्या वितळवणार म्हणून. मग म्हटलं आता गप्प बसून चालायचं न्हाई. मॅडम, माझ्याकडं प्रश्न येतात त्ये फक्त तुमचे न्हाईत. तुम्ही जोधपूरला प्रश्न टाकला की त्योच प्रश्न हितं येतो. कटकला टाकला की त्योबी हितंच येतो. मी उत्तर देतो आणि ती दोघं तुम्हाला सांगत्यात.”

त्रिशला आता खुर्चीवर बसली. उत्तर धरून ठेवायला वेळ असतो, तसा तो दुसऱ्याला विचारून घ्यायलाही असतो. डॉ. मुजावरांनी सांगितलेलं अर्धंच तिने ऐकलं होतं. पंधरा सहस्रांशांत तासगावला दहादा जाऊन येता आलं असतं. जोधपूरची पेटीही इथेच कुठेतरी असणार आणि कटकचीही. परीक्षेत शेजारच्याचं बघून लिहिणारी दोन पोरं पास, आणि ज्याचं बघून लिहिलं तो नापास. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती तिने स्वतःच्या सहीने दिली असती.

तरी संशय गेला नाही. फोन का केला नाही, असं तिने विचारलं. खराड्यांनी मोबाईल काढून दाखवला. संस्थेच्या नंबरावर डिसेंबरपासून चार वेळा केला होता. कोल्ड स्टोरेजचा राखणदार बोलतोय म्हटल्यावर कुणी पुढे जोडून दिलं नव्हतं.

“माझ्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार?” खराडे म्हणाले. “पण लवकर आलेल्या उत्तरावर ठेवाय पायजे. त्ये खोटं सांगताच येत न्हाई.”

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. जोधपूरकडून येणारे प्रश्न दोन वर्षांपूर्वीपर्यंत दिवसाला शे-दोनशे असत. मग ते वाढत गेले. आता दिवसाला तीन-साडेतीन लाख येत. प्रत्येक प्रश्न कुणा एका माणसाच्या नकाशातल्या एखाद्या पानाचा. पहाटे कमी, दुपारी जास्त.

तीन लाख. भिंत जोधपूरला दिवसाला जेमतेम शंभर प्रश्न विचारी. उरलेले कोण विचारत होतं? त्रिशलाला एकच उत्तर सुचलं, आवाजाचे चोर. कुणीतरी जोधपूरच्या वाटेने पान पान करून माणसांचे आवाज उचलत होतं, आणि कदाचित हा कानटोपीवाला त्यांच्यातलाच होता. खराड्यांचं सगळं खरं आहे की नाही हे बघायचा एक सोपा मार्ग होता. त्या मार्गाने चोरीही क्षणभर थांबली असती.

तिने मिरजेला डॉ. मुजावरांना फोन लावला आणि भिंतीपुढे बसायला सांगितलं. मी इथली तार एक मिनिट काढते, तेवढ्यात तुम्ही जोधपूरला आणि कटकला प्रश्न टाका. त्यांच्याजवळ प्रत असेल तर ते उत्तर देतील.

खराडे कपाटाजवळ गेले. तार काढण्याआधी त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. तिने मान हलवली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

“जोधपूर गप्प,” डॉ. मुजावर फोनवर म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, “कटकही गप्प. दोघांकडे काहीच नाही गं. नुसते निरोपे.”

त्रिशलाने डोळे मिटले. म्हणजे उद्या चार वाजता साहेबांनी भट्टी पेटवली असती, नव्या तबकड्यांवर उतरवायला जोधपूर आणि कटक यांच्याजवळ काहीच नव्हतं, आणि आप्पा… पण अजून वेळ गेली नव्हती. मूळ कोश मिरजेत होता, उद्याची भट्टी थांबवली की झालं. तार पुन्हा लावायला सांगण्याआधी, निव्वळ सवयीने, तिने आणखी एक गोष्ट सुचवली.

“ताई, तोच प्रश्न आपल्या कोशाला टाका.”

“आपल्याच? त्याला कशाला? घरच्यांची कुणी परीक्षा घेतं का?”

“टाका तर.”

फोनवर कळफलकाचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आलं नाही.

“त्रिशला,” डॉ. मुजावर हळू आवाजात म्हणाल्या, “कोश उत्तर देत नाहीये.”

तेवढ्यात तिच्या दुसऱ्या फोनची घंटा वाजली. आप्पांचा नंबर. आज ते वाळव्याकडे एका गावच्या जत्रेत होते, चारला मोठ्या जोडीची कुस्ती होती. तिने फोन कानाला लावला. हलगी वाजत होती. हजारभर माणसं ओरडत होती. कुणीतरी म्हणत होतं, आप्पा बोला, माईक चालूय, बोला की. आणि फोनच्या अगदी जवळ, घशातून नुसता वारा येत होता.

“तार लावा,” त्रिशला म्हणाली. “खराडे, तार लावा.”

खराड्यांनी तार खुपसली. कपाटाचा हिरवा दिवा लागला. फोनमधून आप्पांचा आवाज फुटला, वाक्याच्या मध्यातूनच. “…गं पोरी, ऐकू येतंय का? मधेच वाचा गेली माझी. पैलवानाने घिस्सा डाव मारला तेव्हा बोलताच येईना, मैदान आ वासून बघत राहिलं. कोशाला काही झालंय का?”

लाईन गेली होती आप्पा, आली आता, असं ती म्हणाली. आप्पांना ते खरं वाटलं. ते माईककडे परतले.

आता तिला सगळं उमगलं. तीन लाख प्रश्न चोरांचे नव्हते. ती माणसांची वाक्यं होती. तबकड्या दहा वर्षं टिकल्याच नव्हत्या, आठव्या वर्षापासून झिजत चालल्या होत्या. वाचता न आलेलं प्रत्येक पान कोशाने नियमाप्रमाणे दूरप्रतीकडून मागवलं होतं, आणि सगळ्यांत लवकर उत्तर देणारी म्हणून जोधपूरकडून. जोधपूरने खराड्यांना विचारलं होतं. आधी शे-दोनशे पानं, मग हजारो, मग सगळीच. भिंतीने दर वेळी होकार दिला होता आणि होकाराची नोंद ठेवायची पद्धत नव्हती. झिजेची ही गोष्ट मिरजेत कुणी लपवली नव्हती. घोरपडेसाहेबांना तर फेट्यांपलीकडे काही माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं तिने जगातल्या प्रत्येकावर संशय घेतला आणि जे कपाट तिच्या खुर्चीपासून चार हातांवर होतं, त्याला कधी एक प्रश्न विचारला नाही. मिरजेतला कोश रिकामा होता. शनिवारी वितळणार होती ती नुसती काच होती. अकराशे सत्तर माणसं या क्षणी बोलत होती ती बेदाण्याच्या स्टोरेजमधल्या एका तारेवर.

तिने हे मोठ्याने सांगितलं, फोनवर डॉ. मुजावरांना आणि समोर खराड्यांना.

“मंडळाला आत्ता कळवू,” डॉ. मुजावर म्हणाल्या.

“कळवलं तर काय होईल?” त्रिशलाने विचारलं. “फसवणूक म्हणून ते त्याच मिनिटाला जोधपूर आणि कटक बंद करतील. शिलाँग बंदच आहे. मग इथलं पान मिरजेला पोचणार कुठून?”

खोटे बंद झाले तर आवाज बंद, आणि खऱ्याला भिंत आत घेत नव्हती, कारण तो जवळचा होता आणि ते लपवत नव्हता. नव्या तबकड्या मिरजेच्या कपाटात तयार होत्या. त्यांच्यावर सगळे नकाशे उतरवून घ्यायचे तर शिलाँगचं दार उघडायला हवं होतं, आणि ते उघडायची एकच रीत होती.

त्रिशलाने खराड्यांना विचारलं की विलंबपेटी कुठे आहे.

खराड्यांनी ती एका क्रेटमधून काढली, पण हातातच धरून ठेवली. “सहा वर्षांत एकदा खरं बोललो मॅडम,” ते म्हणाले. “त्येबी मागं घ्यायचं?”

“चौदा तास,” ती म्हणाली. “नव्या तबकड्या भरेपर्यंत. मग मी स्वतः मंडळापुढे उभी राहीन आणि सगळ्यांत आधी तुमचं नाव सांगेन.”

त्यांचा विश्वास बसला की नाही ते दिसलं नाही. त्यांनी पेटी जोडली. डॉ. मुजावरांनी फोनवरून सांगितलं की शिलाँग आलं, सत्तावीस पूर्णांक एक, भिंतीने दार उघडलं. उतरवून घ्यायला त्यांनी सुरुवात केली.

त्रिशलाने दोन क्रेट ओढून घेतले. कुणाचा पाय अडकून ती निघू नये म्हणून जमिनीवरून जाणाऱ्या त्या तारेच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक असे मांडले आणि स्वतः एकावर बसली. खोलीत कुडकुडायला होत होतं. खराड्यांनी मफलर काढून दिला, तो तिने घेतला. मग ते चहा घेऊन आले आणि सवयीने तार ओलांडायला त्यांनी पाय उचलला.

“तिकडेच थांबा,” ती म्हणाली, आणि हात लांब करून तिने कप घेतला.